तेहतीस गुणांची फ्लॉपी

खोट्यानं बरबटलेल्या या जगात सत्याला अखेर एक कायमचा पत्ता मिळाला, असं त्या वर्षी झाडून सगळ्या वर्तमानपत्रांनी अग्रलेखात लिहिलं. तो पत्ता सव्वापाच इंच रुंद होता, काळा होता, हातात धरला की लवलवत होता. तो उघडून बघण्याची यंत्रं चालू अवस्थेत उभ्या महाराष्ट्रात दहाबारा ठिकाणी होती. त्यांतली निम्मी एकमेकांच्या फ्लॉप्या वाचत नव्हती.

सुरुवात अर्थात खोट्यापासूनच झाली होती. फोटो, आवाज, सही, चालतंबोलतं चित्रण, काय हवं ते घरबसल्या बनवता येऊ लागलं त्याला दहाएक वर्षं झाली होती. न्यायालयांनी आधी पुराव्यांवर संशय घेतला, मग पुरावे तपासणाऱ्या यंत्रांवर आणि शेवटी यंत्रं तपासणाऱ्या तज्ज्ञांवर. तेवढ्यात चुंबकीय वयाचा शोध लागला. फ्लॉपी म्हणजे जुने कम्प्युटर ज्यावर माहिती लिहून ठेवत त्या प्लॅस्टिकच्या चकतीवर मारलेला लोखंडाच्या गंजाचा हात. त्या गंजाचा एकेक कण म्हणजे एक चिमुकलं होकायंत्र. लिहिताना ड्राइव्हचं, म्हणजे फ्लॉपी फिरवणाऱ्या यंत्राचं, डोकं या कणांना तोंडं एका दिशेला करून उभं करतं. बहुतेक कण तसेच उभे राहतात, पण त्यांच्यातले अशक्त कण वर्षानुवर्षं उन्हाळे खाऊन हळूहळू पाठ फिरवतात. किती जणांनी पाठ फिरवली ते मोजलं की लिहिल्याला किती वर्षं झाली ते कळतं. याची नक्कल करता येत नाही असं नाही. करता येते, पण त्यासाठी चाळीस वर्षं थांबावं लागतं, आणि लबाड माणसाला सहसा तेवढी सवड नसते.

तेव्हापासून लोक माळ्यावर चढले. जुन्या फ्लॉप्या खाली आल्या, आणि मग लक्षात आलं की नुसती फ्लॉपी असून चालत नाही. तिला ड्राइव्ह लागतो, ड्राइव्हला त्याचं कार्ड लागतं, कार्डाला त्याच काळातला कम्प्युटर लागतो. त्या कम्प्युटरच्या बॅटरीनं कधीच राम म्हटलेला असतो. त्यामुळे आपल्याला कुठला ड्राइव्ह लावलाय हे तो रोज सकाळी विसरतो आणि रोज सकाळी त्याला सांगावं लागतं. पेन्शनर माणसांना हे काम चांगलं जमे. त्यांना घरी सवय होती.

सांगलीचे उल्हासराव तासकर मात्र या सगळ्यापासून दूर होते. विम्याच्या कामात ते सर्वेक्षक होते. जळालेल्या गोदामात जायचं आणि आग लागली की लावली ते ठरवायचं, यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाले तोवर आग आपली आपण लागते यावरचा त्यांचा विश्वास पूर्ण उडाला होता. घरात दूध उतू गेलं तरी ते आधी शेगडीपाशी कोण होतं ते विचारत.

अशा माणसाकडे एके दिवशी मिरजेचे अण्णा रिसबूड आले. शुभंकर वधूवर सूचक मंडळाचे हे संस्थापक. वय चौऱ्याऐंशी, आवाज खणखणीत. उल्हासरावांचं आणि शैलाबाईंचं लग्न बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच जमवलं होतं, म्हणजे त्यांच्या कम्प्युटरनं.

"उल्हास, मंडळाला पन्नास वर्षं झाली," अण्णा म्हणाले. "सत्कार करायचाय तुमचा. छत्तीसपैकी तेहतीस गुण! तेवढे आमच्या मशीननं पुन्हा कोणाला दिले नाहीत."

"ज्यांना सव्वीस दिले त्यांचंही चाललंय की," चहा ठेवत शैलाबाई म्हणाल्या.

"चालणं वेगळं, वहिनी. आता तुमच्या फ्लॉपीला कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतून चुंबकसिद्ध असा शिक्का आणतो. मग बघतो कोण म्हणतं कम्प्युटरची पत्रिका थोतांड आहे म्हणून."

अण्णांनी पिशवीतून फ्लॉपी काढली. मंडळात प्रत्येक जमलेल्या लग्नाची एक स्वतंत्र फ्लॉपी असे, आणि मुहूर्त ठरला की तिच्या पाकिटावर हळदकुंकवाची बोटं ओढत. बोटं अजून दिसत होती. शैलाबाईंनी फ्लॉपीकडे पाहिलं आणि त्या लगेच आत गेल्या. बिस्किटं आणायला गेल्या असं अण्णांना वाटलं. उल्हासरावांना तसं वाटलं नाही.

प्रयोगशाळेत अण्णांबरोबर ते स्वतः गेले. तिथल्या डॉक्टर रेश्मा मुजावर तिशीच्या होत्या. फ्लॉपी जेव्हा बाजारातून गेली तेव्हा त्या जन्मल्याही नव्हत्या, त्यामुळे त्यांना फ्लॉपीबद्दल सगळं माहीत होतं. त्यांनी ती एका ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह कण्हला, खाकरला, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत दोघांची नावं आणि तेहतीस हा आकडा उमटला. बाकीचा मजकूर त्या जुन्या प्रोग्रामच्या सांकेतिक अक्षरांत होता.

"अण्णा, नाव राखलंत!" उल्हासराव म्हणाले.

"थांबा सर," म्हणत मुजावरबाईंनी फ्लॉपी काढून शेजारच्या ड्राइव्हमध्ये घातली. हा ड्राइव्ह जास्त वेळ कण्हला. पडद्यावर आलं, वाचता येत नाही.

"बिघडलाय का?"

"ड्राइव्ह ठणठणीत आहे. फ्लॉपीत घोळ आहे." त्यांनी कागदावर एक जाड पट्टा ओढला. "हा जुना ड्राइव्ह. डोकं रुंद, म्हणून असा रुंद पट्टा लिहितो. मघाशी ज्यानं वाचलं तो त्याच्यानंतरचा. डोकं बारीक, पट्टा अरुंद. आता रुंद ब्रशनं रंगवलेल्या भिंतीवर मधोमध बारीक ब्रश फिरवला तर काय होईल? बारीक डोक्याला मधली नवी रेघ तेवढी दिसते, ते खुशाल वाचतं. रुंद डोक्याला मधलं नवं आणि दोन्ही कडांचं जुनं एकदम दिसतं. त्याचा गोंधळ उडतो."

"म्हणजे या फ्लॉपीवर..."

"आधी रुंद ड्राइव्हनं लिहिलंय. नंतर कोणीतरी अरुंद ड्राइव्हनं त्याच्यावर लिहिलंय. दोन थर आहेत. वयावरून मध्ये सातआठ महिने गेलेत."

उल्हासरावांना जळक्या गोदामाचा वास आला. नाव मंडळात नोंदवलं होतं दिवाळीच्या आसपास. लग्न झालं ज्येष्ठात. हिशेब सरळ होता.

"खालचं वाचता येईल?"

"कडांना शिल्लक आहे त्यावरून येईल. पण ते यंत्र एकच आहे आणि रांग आहे. तीन आठवडे धरा."

अण्णा म्हणाले, "मला काही आठवत नाही बुवा." हे वाक्य उल्हासरावांनी आयुष्यात पुष्कळ गोदाममालकांच्या तोंडून ऐकलं होतं.

घरी आले तेव्हा शैलाबाई वाल सोलत बसल्या होत्या.

"तुझी जन्मवेळ काय गं?"

"का?"

"सहज."

"तुम्ही सहज काही विचारत नाही. सकाळी सहा बेचाळीस."

"पक्की?"

"मी घड्याळ बघत नव्हते. रडत होते."

उल्हासरावांनी दोन थरांची हकिकत सांगितली. सांगताना ते वालांकडे बघत होते, कारण अनुभव असा, की माणूस तोंड सांभाळतो पण हात सांभाळत नाही. शैलाबाईंच्या हातातला वाल सटकून कपाटाखाली गेला.

"त्या फ्लॉपीवर तुमची पण पत्रिका आहे," त्या म्हणाल्या. "कोणाची बदललीय कशावरून? तुमच्या आई काय कमी होत्या? मला म्हणाल्या होत्या, मुलगा शांत आहे."

"विषय बदलू नकोस."

"बेचाळीस वर्षं एकच विषय आहे, तुमचा संशय. तो कसा बदलणार?"

दुसऱ्या आठवड्यात बातमी फुटली. अण्णांनी घाबरून आणखी काही फ्लॉप्या कोल्हापूरला नेल्या होत्या आणि त्या सगळ्या दुथरी निघाल्या. मंडळानं साडेचारशे लग्नं जमवली होती. सांगली-मिरजेत साठीच्या पुढची जोडपी एकमेकांकडे टक लावून बघू लागली. कुपवाडचे एक गृहस्थ गादी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेले. विश्रामबागेत एका बाईंनी नवऱ्याच्या नावानं चाळीस वर्षं धरलेला वटपौर्णिमेचा उपास स्थगित केला, निकाल लागेपर्यंत. एका वकिलांनी तर लग्न जुन्या थराशी झालं की नव्या, असा मुद्दा काढून त्यावर व्याख्यान ठेवलं. गर्दी झाली.

एका गल्लीतली सगळी घरं सारखीच जळाली असतील तर दोष तारेत शोधावा, हा उल्हासरावांच्या धंद्यातला पहिला धडा होता. तो ते नव्या पोरांना शिकवत असत. पण इथे त्यांना तार आठवली नाही. साडेचारशे घरांनी लबाडी केली, एवढंच त्यांनी ताडलं, आणि समाजाबद्दलचं आपलं मत बरोबर होतं याचं त्यांना थोडं बरंही वाटलं.

शैलाबाईंचे थोरले भाऊ विनूदादा इचलकरंजीला राहतात. उल्हासरावांनी त्यांना फोन लावला. आडून विचारायचं, इकडचं-तिकडचं बोलत यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. गरज पडली नाही.

"बदलली की!" विनूदादा आनंदानं ओरडले. "मीच तर बदलून घेतली! कोणाला सांगायची सोय नव्हती बघा इतकी वर्षं. अहो, शैलीला मंगळ होता. साधासुधा नाही, अष्टमात! नवऱ्याच्या आयुष्यावर. वडील हाय खाऊन बसलेले. मग आमच्या गुरुजींनी युक्ती काढली, जन्मवेळ सात मिनिटं मागं घ्या, मंगळ अष्टमातला उठून नवमात बसतो. सहा एकोणपन्नासचं सहा बेचाळीस केलं. नाव नोंदवून झालेलं, म्हणून मी स्वतः मंडळात जाऊन दुरुस्ती देऊन आलो. तिथली बाई म्हणाली, झालं तुमचं काम."

"आणि तुम्ही हे मला आज सांगताय?"

"तुम्ही आज विचारताय! आणि जावईबापू, राग कसला धरता? जिवंत आहात की."

उल्हासराव स्वयंपाकघरात गेले. आयुष्यात एवढा भक्कम पुरावा त्यांना कधी मिळाला नव्हता, आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"तुला मंगळ होता."

शैलाबाईंनी गॅस बंद केला. "दादाशी बोललात वाटतं."

"तुला माहीत होतं?"

"मला न सांगता माझी जन्मवेळ कशी हलवतील?"

"बेचाळीस वर्षं, शैला! एक दिवस तरी वाटलं नाही सांगावं?"

"सांगितलं असतं तर लग्न केलं असतंत?"

उल्हासरावांनी खरं उत्तर दिलं. हीच त्यांची चूक झाली. "नसतं केलं."

"मग कशाला सांगू? तुम्हाला बायपासला आत नेलं, तेव्हा बाहेर बाकावर बसून सांगायचं होतं का? काय वाटत असेल मला, विचार केलात? डॉक्टर म्हणत होते तेलकट खाल्लं, सिगारेटी ओढल्या. मला माहीत होतं कशानं झालं ते." त्यांचा आवाज चढला नाही. "दर मंगळवारी उपास करते मी. लग्नाच्या पहिल्या मंगळवारपासून."

"तो गणपतीचा ना?"

"गणपतीचा म्हणून तुम्हाला सांगितला. मंगळाचा होता. तुम्ही राहावं म्हणून."

दर मंगळवारची खिचडी उल्हासरावांना आठवत होती. अर्धी ते खात. वर दाण्याचं कूट कमी पडलं म्हणून सांगत.

पण संशयाची एक खोड असते. तो खरा ठरला की थांबत नाही, उलट त्याला हुरूप येतो. "आणखी काय काय लपवलंयस?" ते म्हणून गेले.

शैलाबाईंनी बॅग भरली. मिरजेला त्यांची शाळेपासूनची मैत्रीण कुंदा होती, एकटीच राहणारी. "खालच्या थरात काय निघतं ते कळलं की फोन करा," दारात चपला घालत त्या म्हणाल्या. "वरच्या थरात मी एवढी वर्षं राहिले, त्याचं तुम्हाला काही नाही."

पुढचे दिवस उल्हासरावांनी तपासात घालवले. जुने फोटो काढले आणि त्यांत शैलाबाईंच्या चेहऱ्यावर अपराधी भाव दिसतो का ते भिंगातून पाहिलं. एका फोटोत दिसला. तो महाबळेश्वरचा होता आणि त्या मक्याचं कणीस खात होत्या. ते कणीस आपल्या वाटणीचं होतं हे मागाहून त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी आपल्या आयुष्यातले सगळे अपघात आठवून काढले. स्कूटर दोनदा घसरली होती, एकदा विजेचा धक्का बसला होता, बायपास झाली होती. प्रत्येक वेळी ते वाचले होते. अहवालाचा निष्कर्ष लिहायचा तर आग लावणाराचा शोध लागत होता, पण तोच दर वेळी पाण्याची बादली घेऊन हजर होता. असं प्रकरण त्यांच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं.

मग मंगळवार आला.

सकाळी दहाच्या सुमाराला कुंदाबाईंच्या घरचा फोन वाजला.

"साबुदाणा किती वेळ भिजवायचा?" उल्हासराव म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कशाला?"

"भिजत नाहीये. छर्रे झालेत. कढईत उडतायत."

"रात्री भिजवायचा असतो. पण तुम्हाला कशाला साबुदाणा?"

"मंगळवार आहे."

कुंदाबाई मागून विचारत होत्या, कोण आहे गं.

"तुम्हाला मंगळ नाही," शैलाबाई म्हणाल्या.

"तुला आहे ना. तू तिकडे रागावून बसलीयस, उपास मोडलास की काय कोण जाणे. जीव माझा आहे. कोणीतरी धरायला पाहिजे."

"मोडलेला नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "गॅस बंद करा. दूध-केळं खा. आणि कढईत पाणी घालून ठेवा, नाहीतर घासायला मलाच लागेल."

शेवटच्या वाक्यावर उल्हासरावांनी पुष्कळ विचार केला. संशयाला त्यात जागा नव्हती. दुपारच्या बसनं ते मिरजेला गेले, आणि कुंदाबाईंच्या हातचं वरीचे तांदूळ-आमटीचं ताट निमूटपणे जेवून, बॅग स्वतः उचलून परत आले. वाटेत विश्रामबाग आल्यावर शैलाबाई म्हणाल्या, "निकाल येईल तो येऊ दे. आपण मिळून जाऊ." उल्हासराव म्हणाले, "कशाला जायचं? मला कळायचं ते कळलं." "मला नाही कळलं," त्या म्हणाल्या. "माझ्या मंगळाचं काय झालं ते मला बघायचंय."

म्हणून निकालाच्या दिवशी कोल्हापूरला तिघं गेले. अण्णा रिसबूड तीन आठवड्यांत वाळले होते. साडेचारशे जोडप्यांचे फोन त्यांना येत होते.

मुजावरबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. पडदाभर एकच खूण होती, एक आडवी रेघ, तिच्या वर एक टिंब, खाली एक टिंब. भागाकाराची खूण. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, हजारो वेळा.

"ही कुठली भाषा?" उल्हासरावांनी विचारलं.

"भाषा नाही, सर. कोरी फ्लॉपी वापरायच्या आधी कम्प्युटर तिच्यावर रेघा आखून घेतो, वहीला समास आखतात तसं. फॉरमॅट म्हणतात. त्या वेळी रिकाम्या जागेत ही खूण भरली जाई. खालचा थर म्हणजे एवढंच आहे. पत्रिका एकदाच लिहिलीय, वरची."

"मी आणलेल्या बाकीच्या फ्लॉप्या?" अण्णांनी विचारलं.

"सगळ्या अशाच."

अण्णा खुर्चीत मागे टेकले. "अहो, दसरा!" ते म्हणाले. "दसऱ्याला पूजेत जुनं मशीन मांडायचो. पहिलं मशीन, लक्ष्मी होती ती. मग त्या दिवशी वर्षभराच्या सगळ्या कोऱ्या फ्लॉप्या तिच्यावर फॉरमॅट करून घ्यायचो, शुभ असतं म्हणून. पुढे लग्न जमलं की त्यांच्यावर पत्रिका भरायच्या नव्या मशीनवर. त्याला नवा ड्राइव्ह होता."

"आणि दादानं दिलेली दुरुस्ती?" शैलाबाईंनी विचारलं.

मुजावरबाईंनी वरचा थर उलगडून ठेवलाच होता. "जन्मवेळ सहा एकोणपन्नास," त्यांनी वाचलं.

"ही खरी आहे," शैलाबाई म्हणाल्या. "बदललीच नाही!"

"कशी बदलणार?" अण्णा म्हणाले. "आज सांगायला हरकत नाही. एकदा भरलेली पत्रिका दुरुस्त कशी करायची ते आमच्यात कोणालाच येत नव्हतं. दुरुस्ती घेऊन येणाऱ्याला बाई चहा द्यायची आणि झालं म्हणून सांगायची. पुष्कळ लोक यायचे."

उल्हासरावांचा सर्वेक्षक शेवटचा एकदा जागा झाला. "थांबा. मग अष्टमातला मंगळ पत्रिकेत होताच. तेहतीस गुण दिले, मंगळ नाही कसा दाखवला तुमच्या मशीननं?"

"गुण चंद्रावरून निघतात. मंगळाचा भाग कंपनीनं वेगळ्या फ्लॉपीवर पाठवला होता. ती आमच्या सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये कधी चाललीच नाही."

"का? त्यातही दोन थर होते?"

"नाही," अण्णा म्हणाले. "ती साडेतीन इंची होती."